कंट्रोल स्लाइड

मुसफ्फात, टायरच्या दुकानावर आमची लॅब.
खाली डिझेलचा वास, वर झायलीनचा.
मी काही रंगवत नाही.
मी रंगांना आकडे देते.

गुलाबी-निळ्याला आकडा नाही.
हिमॅटॉक्सिलिन, इओसिन
८८३०५ च्या पोटातच धरलेले,
खानावळीत भाताबरोबर मीठ धरतात तसे.
नवी होते तेव्हा तीन महिने मी मीठ वेगळं लावलं.
सगळे क्लेम परत आले. बिजॉय सर काही बोलले नाहीत,
फक्त माझी खुर्ची त्यांच्या काचेसमोर आली.

परकारबाई खेडच्या. स्लाइड नळाखाली धरतात,
जांभळट पेशी निळ्या होईस्तोवर थांबतात.
"अम्मी अब्बांच्या सदऱ्यांना नीळ द्यायची, तेवढंच हे.
फक्त इथलं पाणी समुद्राचं गोडं केलेलं,
नीळ उशिरा चढते."

जंतू शोधायचे तर ८८३१२.
लोह, तंतू, उरलेलं बहुतेक सगळं ८८३१३.
आकड्याला सव्वीसचं शेपूट लावलं की डॉक्टरांचे डोळे,
टीसी लावलं की परकारबाईंचे हात.
डोळे आणि हात एकत्र मागायचे
तर शेपूट लावायचंच नाही.

काही सापडलं नाही तरी ८८३१२ लागतोच.
"काहीच नव्हतं तर रंगवलंत कशाला?"
विमावाले विचारतात.
नव्हतं हे कळायला,
असं मी लिहिते, आणि पुसते,
आणि ठरलेलं इंग्रजी वाक्य चिकटवते.

मंगळवारी परकारबाई मेणाचा ठोकळा घेऊन
माझ्या टेबलाशी आल्या. कधी येत नाहीत.
"हा संपत आला."
कोण हा?
मग त्यांनी सांगितलं, जे मी सहा वर्षांत विचारलं नव्हतं:
नव्या स्लाइडशेजारी दर खेपेला एक जुनी रंगवतात.
तिच्यात क्षयाचे जंतू आहेत हे आधीच ठाऊक.
निळ्यावर त्या लाल काड्या उमटल्या, तर रंग खरा.
तरच शेजारच्याचं नाही म्हणजे नाही.
तिचं बिल नसतं.

पेन्सिलीचा नंबर, शेवटचा आकडा पुसट.
तीन की आठ?
जुन्या सिस्टीममध्ये आठ निघाली
कुणी फिलिपिनो बाई, पित्ताशय.
म्हणून तीन:
पुरुष, एकतीस. परांच्या बांधणारा. मानेतली गाठ.
विमा नाही, रोख.
नावाच्या जागी कॅम्पचं नाव,
कुणीतरी चुकीच्या रकान्यात भरलेलं.
पुढची भेट : रिकामं.

बरा झाला? गेला? कुठल्या गावी?
त्याचा कोड नाही.
इथे तो आठवड्यातून तीनदा कापला जातो,
तीन मायक्रॉनची चकती,
आणि दर वेळी तेच, न चुकता, सांगतो.
ह्या गल्लीतले कितीजण त्याच्या शब्दावर
दुसऱ्या दिवशी पुन्हा परांचीवर चढले असतील.

"वीस-पंचवीस कापं निघतील अजून,"
परकारबाई म्हणाल्या. इओसिनने नखं गुलाबी.
"मग दुसरा कुणी शोधायला हवा."
शोधायला हवा म्हणजे काय,
हे दोघींना एकदमच कळलं बहुतेक.
त्या ठोकळा खिशात टाकून निघून गेल्या.

संध्याकाळी क्लेम उघडला.
८८३१२, युनिट एक.
मी दोन केलं.
काचेमागे बिजॉय सर फोनवर होते.
एक केलं.
रिमार्कच्या रकान्यात, जो विमा कंपनीकडे जात नाही,
बिजॉय सरही उघडत नाहीत,
ठोकळ्यावरचा नंबर लिहिला.
शेवटी तीन.
बहुधा तीनच.